शार्दूलचे हात

व्हाल्मोराच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकवायची नोकरी लागली की पहिल्याच दिवशी माणसाला आपलं शरीर देऊन टाकावं लागतं. म्हणजे मेल्यानंतर, पण सही पहिल्या दिवशी. पगाराचं त्यानंतर बोलतात.

शार्दूलनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी इचलकरंजीत स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते.

"सही केलीस?" मी विचारलं.

"केली. सगळेच करतात, आई. साडेचारशे वर्षांची पद्धत आहे इथली."

"साडेचारशे वर्षांत एकालाही आधी आईला विचारावंसं वाटलं नाही का?"

तो हसला आणि मला त्या पद्धतीमागची गोष्ट सांगायला लागला. इटलीच्या उत्तरेकडच्या या गावात फार पूर्वी शरीरशास्त्र शिकायला प्रेतं मिळायची नाहीत. हिवाळ्यात एखादा फाशी गेलेला गुन्हेगार मिळाला तर मिळाला. मग विद्यार्थी चोरून कबरी उकरायचे. एकदा एका प्राध्यापकानं टेबलावरची चादर ओढली, तर खाली गावातल्या पाववाल्याची बायको. आठवड्यापूर्वी तिच्याच हातून त्यांनी पाव घेतला होता. त्या दिवशी त्यांना शिकवता आलं नाही. त्यांनी जाहीर केलं, की मी मेलो की मला घ्या. आणि इथून पुढे जो दुसऱ्याच्या देहावर शिकवील, त्यानं आधी आपला देह लिहून द्यायचा. तेव्हापासून तिथला प्रत्येक शिक्षक आपला शेवटचा पाठ टेबलावर पडून देतो.

"चांगली पद्धत आहे," मी म्हटलं. "पण तू काय लगेच मरणार आहेस?"

असं बोलू नये म्हणतात. मी हायस्कूलमध्ये जन्मभर शास्त्र शिकवलं आहे. बोलण्यानं माणूस मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथल्या दुसऱ्याच हिवाळ्यात शार्दूलची सायकल बर्फावरून घसरली आणि डोकं पुलाच्या दगडी कठड्यावर आपटलं, म्हणून तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

मी व्हाल्मोरात पोचले तेव्हा तो झोपलेला होता. दुसरा शब्द मला सापडत नाही, कारण त्या खोलीत उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं काही दिसतच नाही. गालांवर लाली होती, छाती वरखाली होत होती, दाढीचे खुंट आले होते. मी त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता.

"आपले सुपुत्र दिवंगत झाले आहेत," माझ्या कानातला दुभाष्या म्हणाला. समोर प्रोफेसर फेराऊदो उभ्या होत्या, शार्दूलच्या विभागप्रमुख. साठीच्या, बुटक्या, स्वेटरचं एक बटण तुटलेलं. त्या इटालियनमध्ये बोलायच्या आणि कानातलं ते यंत्र त्यांचं बोलणं असल्या जड मराठीत मला ऐकवायचं.

"मग हात गरम कसा?" मी विचारलं.

बाई चांगल्या शिक्षिका होत्या, एवढं मान्य करते. त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही. त्याची ठिणगी त्याच्या आतच असते. श्वास यंत्र देतं. पण मेंदू मेल्यावर शरीर तेवढ्यावर टिकत नाही. अंगातलं पाणी किती, मीठ किती, ताप किती, रक्ताचा दाब किती, हे सगळं मेंदूच्या तळाशी असलेला चिंचोक्याएवढा भाग पाहत असतो. तो गेला की काही दिवसांतच सगळा कारभार कोसळतो. पूर्वी तसंच व्हायचं. आता त्या चिंचोक्याचं काम करणारं यंत्र निघालं होतं. ते रक्त सतत तपासतं आणि ज्या क्षणी जे संप्रेरक कमी पडेल ते थेंबाथेंबानं सोडतं. त्यामुळे मेलेल्या माणसाचं शरीर महिनोन्‌महिने जिवंत राहतं. जखम भरते, नखं वाढतात, अन्न पचतं. फक्त ज्याचं ते शरीर, तो तिथं नसतो.

हे यंत्र मला नवीन नव्हतं. त्यातला मीठ-पाण्याचा भाग शार्दूलनंच बसवला होता. त्याला ते सगळे 'रखवालदार' म्हणायचे. "घराचा मालक कायमचा गेला, आई," त्यानं मला सांगितलं होतं, "पण रखवालदार रोज दिवे लावतो, टाकी भरतो, झाडांना पाणी घालतो." तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता ते घर माझ्यासमोर होतं, सगळे दिवे लागलेले.

"जगभरच्या कॉलेजांनी शवविच्छेदनाच्या खोल्या बंद केल्या," फेराऊदोबाई सांगत होत्या. "मुलं चष्मा लावून हवेतल्या देहावर शिकतात. तिथं चूक झाली तर बटण दाबून मागे जाता येतं. मग ती मुलं डॉक्टर होतात आणि त्यांच्या हातून पहिलं खरं रक्त पेशंटचं सांडतं. आमच्याकडे ती आधी इथं येतात. चूक कुठंतरी करावीच लागते, बाई. आम्ही तिला जागा देतो. एवढंच या जुन्या शाळेचं काम उरलंय."

मग त्यांनी नियम सांगितला. प्रत्येक सत्राच्या शेवटी आई-वडिलांना विचारायचं. दोघांपैकी एकानं जरी 'पुरे' म्हटलं, तरी त्याच आठवड्यात रखवालदार बंद. "आजही म्हणू शकता," त्या म्हणाल्या.

मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, विज्ञानाची शिक्षिका आहे, मुलाच्या इच्छेचा मान ठेवतेय. वाटू दिलं मी. इचलकरंजीतही सगळ्यांनी तेच म्हटलं. केवढं मन मोठं, वगैरे. मन मोठं नव्हतं माझं. गरम हात कोण सोडतं?

माझे यजमान जयसिंगराव घरीच थांबले. त्यांचे यंत्रमाग आहेत, आणि खरं म्हणजे ते बातमी ऐकल्यावर जे खाली बसले ते उठलेच नाहीत. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तू तिथं हाईस. तू ठरीव. मला काय कळतंय त्यातलं?"

मी ठरवलं, आणि तिकडे त्यांचे हाल सुरू झाले. अग्नी दिला नाही, म्हणून दहावा नाही. दहावा नाही, म्हणून सुतक फिटत नाही. मुळात सुतक लागलंय का, यावरच भाऊबंदांत दोन तट पडले. माणसं भेटायला यायची आणि काय बोलावं हे न सुचून चहा पिऊन जायची. त्यांनी शार्दूलचा फोटो मोठा करून आणला, पण त्याला हार घालायचा की नाही हे ठरेना, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला हे त्यांनी सांगितलं नाही, जावेनं सांगितलं.

मी व्हाल्मोरात एक खोली घेतली. सकाळी त्याचा वर्ग असायचा. वर्ग म्हणजे तेच जुनं लाकडी सभागृह: मधे टेबल, आणि भोवती विहिरीच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले सज्जे. शेकडो वर्षं मुलं त्या कठड्यांना टेकून खाली पाहत आली आहेत. लाकूड कोपरांनी गुळगुळीत झालंय. मी सगळ्यात वरच्या सज्जात उभी राहायचे.

पहिल्या दिवशी मार्ता नावाची पोलंडची उंच मुलगी त्याच्या मानेतल्या शिरेत सुई घालत होती. तिचा हात कापत होता. सुई शिरेऐवजी धमनीत गेली आणि रक्त उडालं. मी कठडा घट्ट धरला. फेराऊदोबाईंनी पाच मिनिटं तिथं बोट दाबून धरलं आणि मार्ताला म्हणाल्या, "पुन्हा." तिनं पुन्हा केलं. तेव्हा जमलं.

नंतर ती पायऱ्यांवर मला भेटली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "मला टाक्याची गाठ मारायला शार्दूल सरांनीच शिकवलं होतं." मी तिला म्हटलं, "जेवून घे." दुसरं काय म्हणणार? मुलीवर राग काढता येईना आणि राग जाईनाही.

दुपारनंतर तो माझा. चार वाजले की मला आत सोडत. मी त्याची दाढी करायचे, नखं कापायचे. एकदा वाटलं, केस किती कोरडे झालेत. घरून येताना खोबरेल तेलाची बाटली आणली होती. लहानपणी रविवारी तेल लावताना तो पळून जायचा. आता पळणार कुठं? टाळूवर तेल जिरवलं. मग मानेच्या मागे बोटं पोचावीत म्हणून मी एका हातानं त्याचं डोकं उचललं, हनुवटी छातीला लागेल इतकं.

त्याचे दोन्ही हात वर आले.

हळूहळू, कोपरात वाकत, गादीवरून उचलले गेले. मी त्याच्यावर वाकलेली होते. हात माझ्या पाठीवर आले आणि तिथं टेकले. थोडा वेळ राहिले. मग घसरून खाली पडले.

आता हे नीट ऐका. मी दहावीला दर वर्षी प्रतिक्षिप्त क्रिया शिकवायचे. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात मागे येतो. मेंदूला खबर पोचते ती नंतर. हुकूम पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू देते. वर्गातल्या एखाद्या दांडगोबाला टेबलावर बसवायचं, गुडघ्याखाली डस्टर मारायचा, पाय उडाला की सगळा वर्ग हसायचा. मज्जारज्जूला मेंदूची गरज नसते. शार्दूलचा मेंदू मेला होता. मज्जारज्जू रखवालदारानं जिवंत ठेवली होती. मान वाकली की तिच्यावर ताण पडतो आणि हात उचलले जातात. डॉक्टरांच्या पुस्तकात हे फार वर्षांपासून लिहिलेलं आहे. त्या क्षणी, ते हात पाठीवर असतानासुद्धा, मला हे सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चार वाजता गेले, दार लावलं, त्याच्यावर वाकले आणि त्याचं डोकं उचललं.

रोज. रोज एकदाच, त्याला त्रास नको म्हणून. त्रास कुणाला, असं विचारू नका. फेब्रुवारीत सत्र संपलं, बाईंनी विचारलं, मी चालू ठेवा म्हटलं. हात पाठीवर यायचे तेव्हा मी त्याला इचलकरंजीतलं काहीबाही सांगायचे. शेजारच्यांनी कुंपण कसं आत सरकवलं, जावेच्या मुलीचं लग्न कसं जमलं. मला बरं वाटायचं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं आणि मला बरं वाटायचं.

एके दिवशी जयसिंगरावांचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन मी उशाशी टेकवून ठेवला होता. बोलता बोलता सवयीनं मी तेल घेतलं, डोकं उचललं, आणि हात वर आले.

फोनमधला त्यांचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. मग ते म्हणाले, "वृषाली. त्यानं तुला जवळ घेतलं."

मी एका वाक्यात सांगायला हवं होतं. वर्गात शंभर वेळा म्हटलेलं वाक्य. पण पलीकडे कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा माणसासारखा दिसत होता, आणि माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "तेल लावते आहे. नंतर बोलू."

आठवड्याच्या आत ते व्हाल्मोरात हजर. देशाबाहेर कधी न पडलेला माणूस दोन विमानं बदलून आला. हातात शार्दूलचं जुनं स्वेटर, डोक्यात सगळं ठरवून. कोल्हापूरच्या डॉक्टरांशी बोलून आले होते. माग विकायचे, विमानातून पोराला घरी न्यायचं, मालिश करायची, औषधपाणी करायचं.

फेराऊदोबाईंनी त्यांना तासभर समजावलं. दुभाष्या त्यांच्या कानात 'मज्जारज्जू', 'मस्तिष्कमृत्यू' असलं काहीतरी ओतत राहिला. त्यांनी ते यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं.

"त्यांना वर्गाला पोरगं पायजे," ते मला म्हणाले. "त्या त्यांच्या सोयीचंच बोलणार. तू सांग. तू बघितलंयस न्हवं?"

बाईंनी मला बाहेर बोलावलं. "ते फक्त तुमचं ऐकतील," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दाराला काच आहे. मी तुम्हाला पाहिलंय संध्याकाळी. मी काही बोलले नाही. माझं चुकलं असेल."

मी परत आत शार्दूलजवळ गेले, बाई मागोमाग आल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट तास. मी त्यांना स्टुलावर बसवलं, एका मांडीवर दुसरा पाय टाकायला लावला आणि तळहाताच्या कडेनं गुडघ्याखाली मारलं. पाय उडाला.

"तुम्ही लाथ मारलीत?"

"न्हाई. आपोआप उडाला त्यो."

"आता त्याला हाक मारा."

त्यांनी हाक मारली. साधी मारली, मग मोठ्यानं मारली. मग "वाघ्या" म्हणून मारली. तो चार वर्षांचा असताना म्हणायचे तशी. "पप्पा आलोय बघ," म्हणाले. शार्दूलची छाती वर गेली, खाली आली. हात जागेवर होते.

मी त्याचं डोकं उचललं. हात वर आले. खाली ठेवलं, हात पडले. पुन्हा उचललं. पुन्हा तेच, तितकंच, तसंच. जयसिंगराव पाहत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते होतं, ती आशा. "तू आई हाईस," ते म्हणाले. "तुझा हात वळखतोय त्यो."

यावर काय करायचं ते मला माहीत होतं. वर्गात मी हेच केलं असतं. मी फेराऊदोबाईंना म्हटलं, "तुम्ही उचला."

त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुढे होऊन त्याच्या मानेखाली हात घातला आणि डोकं उचललं. शार्दूलचे हात वर आले. तसेच हळूहळू, कोपरात वाकत, आणि बाईंच्या पाठीवर टेकले. जिथं माझ्या पाठीवर टेकायचे, बरोबर तिथं.

हा पुरावा मी नवऱ्यासाठी मांडला होता. पण तोवर मी स्वतः तो कधी पाहिला नव्हता. मला माहीत होतं, माहीत होतं म्हणून काय झालं? ते हात दुसरीच्या पाठीवर पाहिले आणि माझा मुलगा त्या खोलीत माझ्यासमोर मेला. बर्फावर पडला तेव्हा नाही. तेव्हा.

बाईंनी डोकं हळूच उशीवर ठेवलं आणि त्या बाहेर निघून गेल्या.

जयसिंगराव स्वेटरची बाही चुरगाळत बसले होते. मग म्हणाले, "तुला समदं म्हाईत होतं?"

"हो."

"मग रोज कशाला करत हुतीस?"

"तेवढंच मिळत होतं म्हणून," मी म्हटलं.

ते उठले. पलंगाजवळ गेले. शार्दूल दहावीत गेल्यापासून त्यांनी त्याला कधी जवळ घेतलं नव्हतं. आमच्याकडे बाप घेत नाहीत. तो इटलीला निघाला तेव्हा विमानतळावर त्याच्या पाठीवर एक थाप मारली होती, बॅग उचलायला सांगताना मारतात तशी. आता ते वाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा माझ्यासाठी उचल."

मी उचललं. हात आले. त्यांनी पोराच्या खांद्यात तोंड घातलं आणि हमसून हमसून रडले. हात खाली पडले तरी ते तसेच राहिले.

सरळ उभे राहिल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पुरे आता," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवता आली नाही. पण नको असंही मी म्हटलं नाही, आणि बत्तीस-तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळतं.

शेवटच्या दिवशी व्हाल्मोरात भाषणं होत नाहीत. तिथं चुका सांगतात. त्या देहावर शिकलेला प्रत्येक जण पुढे येतो आणि आपण काय चुकलो ते मोठ्यानं सांगतो. सांगितलेली चूक पुन्हा जिवंत माणसावर करायची नाही, एवढंच त्याचं वचन. सज्जे भरले होते. आम्ही दोघं टेबलापासून चार हातांवर उभे होतो. जयसिंगरावांनी दुभाष्या पुन्हा कानात घातला होता.

"मी श्वासाची नळी अन्ननलिकेत घातली," एक मुलगा म्हणाला. "दोनदा." दुसरी म्हणाली, "मी टाके फार घट्ट घातले. कातडी काळी पडली." एक जण म्हणाला, "मी कंटाळलो होतो आणि त्यांच्याकडे न बघता इंजेक्शन दिलं." मार्ता आली, धमनीचं सांगितलं. मग म्हणाली, "गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये एका बाळाला सुई घालायची होती. माझा हात कापला नाही."

जयसिंगराव मान खाली घालून ऐकत होते. एकेका चुकीला त्यांची मान हलत होती, कुणी हिशेब पटवून देत असल्यासारखी.

फेराऊदोबाईंनी मला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की श्वासाचं यंत्र काढल्यावर मज्जारज्जूला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि जाता जाता ती हात उचलते. मानेला कुणी हात न लावता. काही घरचे लोक मऊ पट्टीनं हात आधीच बांधायला सांगतात. मी बांधू नका म्हटलं. हे मी जयसिंगरावांनाही सांगितलं, दोनदा, आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. माझी तयारी पूर्ण होती.

बाईंनी त्याचं नाव घेतलं. आधी रखवालदार बंद केला, मग नळी काढली. छाती खाली गेली आणि वर आली नाही. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.

मग शार्दूलचे हात वर आले.

कुणी बोलावलं नव्हतं. कुणी डोकं उचललं नव्हतं. ते आपले आपण उठले, नेहमीपेक्षा जास्त, बोटं उघडत हवेत गेले. आणि वर कुणीच नव्हतं. मी चार हातांवर उभी होते आणि माझी पाठ तिथं नव्हती.

"चालू करा," मी म्हटलं. मग किंचाळले. "चालू करा, तो मला शोधतोय, दिसत नाही का तुम्हाला, चालू करा." मी टेबलाकडे धावले.

जयसिंगरावांनी मला मागून धरलं. माग चालवून त्यांचे हात दणकट झालेत. मला हलता येईना. त्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं आणि ते सारखं तेच म्हणत होते, पाठ करून आलेल्या पोरासारखं. "त्यो न्हाई गं. त्यो न्हाई. कण्यातनं येतंय ते. मेंदू लागत न्हाई त्येला. तूच सांगितलंस, वृषाली. तूच सांगितलंस."

हात थोडा वेळ तसेच राहिले. मग वाकले आणि त्याच्याच छातीवर येऊन पडले.

त्यांनी मला सोडलं, तशी मी जाऊन एक हात हातात घेतला. दुसरा त्यांनी घेतला. दोन्ही अजून गरम होते. माणूस गार व्हायला बराच वेळ लागतो. सज्जातली मुलं आवाज न करता एकेक करून निघून गेली, बाई गेल्या, कुणीतरी वरचे दिवे मालवले. आम्ही थांबलो.